वेठ आणि मैत्र : यंत्रमानवाच्या मालिका व प्रेक्षकमताचे स्वरूप

१

लोकप्रिय कलाकृतीविषयी तिचा नित्याचा प्रेक्षक काय म्हणतो, याला मराठी साहित्यविचारात क्वचितच स्थान मिळाले आहे. 'सहृदय' आणि 'रसिक' या संज्ञांची चर्चा आपल्याकडे विपुल झाली. वाचककेंद्री समीक्षेच्या आगमनानंतर 'अपेक्षांचे क्षितिज', 'अन्वयार्थ लावणारे समूह' या संकल्पनाही परिचयाच्या झाल्या. परंतु या चर्चेतील वाचक वा प्रेक्षक हा बहुधा सिद्धान्ताने कल्पिलेला असतो. जो प्रेक्षक प्रत्यक्ष बोलतो, तक्रार करतो, पात्राच्या मृत्यूने व्यथित होतो आणि आवडत्या गोष्टीला आपल्या मनाचा शेवट जोडतो, त्याच्या बोलण्याला आपण 'मत' म्हणतो आणि मत ही समीक्षेच्या उंबरठ्याबाहेरची वस्तू आहे असे गृहीत धरतो. तो प्रेक्षक बालवयाचा असेल आणि कलाकृती सचेतपटाची, म्हणजे बोलीत ज्याला कार्टून म्हणतात त्या प्रकारची असेल, तर ही उपेक्षा अधिकच पक्की होते.

यंत्रमानव ज्यांच्या केंद्रस्थानी आहे अशा सचेत विज्ञानमालिका आणि त्यांविषयी प्रेक्षकांनी व्यक्त केलेली मते यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे मांडता येईल : ही मते वरवर पाहता मालिकेच्या गुणदोषांविषयी असली, तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो. यंत्र आणि माणूस यांचा संबंध वेठीचा आहे की मैत्राचा, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाला प्रेक्षकांनी वेळोवेळी दिलेली उत्तरे इतकी सुसंगत आहेत की त्यांना क्षणिक आवडनिवड म्हणून बाजूला सारणे समीक्षेला परवडणारे नाही.

या विवेचनात समोर ठेवलेला प्रेक्षक सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा आहे. सावंतवाडी तालुक्यातील बांदा हे तेरेखोल नदीच्या काठचे, मुंबई-गोवा महामार्गावरचे आणि गोव्याच्या सीमेला लागून असलेले गाव. तेथील मूल घरी मालवणी बोलते, शाळेत प्रमाण मराठी शिकते, सीमेपलीकडची कोकणी ऐकते आणि दूरचित्रवाणीवरचे कार्टून बहुधा हिंदीतून पाहते. याच परिसरात कार्तिकानंतरच्या जत्रांतून रात्रभर दशावतार रंगतो. म्हणजे यंत्रमानवाची मालिका ज्या प्रेक्षकासमोर येते, तो कोऱ्या पाटीचा नाही. अवास्तव पात्रे, ठरीव कथा आणि उघड दिसणारी सोंगे यांचे मूल्यमापन करण्याची एक जुनी सवय त्याच्या भोवतालात मुरलेली आहे. प्रेक्षकमताची परीक्षा करण्यासाठी ही भूमी म्हणूनच सोयीची ठरते.

२

प्रेक्षकाच्या प्रतिसादाला शास्त्रात स्थान देण्याची कल्पना आपल्याला पाश्चात्त्यांकडून घ्यावी लागलेली नाही. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आला आहे. तेथे सिद्धी दोन प्रकारची मानली आहे. हसणे, उद्गार काढणे, रोमांच उठणे, आसनावरून उठणे अशा खुणांनी ओळखू येते ती मानुषी सिद्धी. आणि रंगमंडप भरलेला असूनही जेथे शब्द नाही, क्षोभ नाही, ती दैवी सिद्धी. प्रयोगाचे यश येथे प्रेक्षकाच्या देहावर वाचले जाते. त्याच अध्यायात 'प्राश्निक' या परीक्षकांची यादी येते. त्यांत वैयाकरण आहे तसा धनुर्धर आहे, चित्रकार आहे आणि गणिकाही आहे. ज्याला जे कळते त्याने ते पारखावे, असा त्यामागचा विचार. मात्र याच परंपरेने मुलांना हास्य आणि वेशभूषा यांतच रमणाऱ्यांच्या गटात टाकले, हेही नमूद करावयास हवे. बालप्रेक्षकाविषयीचा आपला आजचा अनादर इतका जुना आहे.

दशावताराचा प्रेक्षक या चौकटीत ठेवून पाहण्यासारखा आहे. या नाट्यप्रकाराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रांची वाटणी होते आणि संवाद रंगभूमीवरच जन्म घेतात. नेपथ्य म्हणजे बहुधा एक बाकडे. तेच सिंहासन, तेच पर्वत. कथा पुराणातली, म्हणजे प्रेक्षकाला ठाऊक असलेली. अशा वेळी 'पुढे काय होणार' ही उत्सुकता निकालात निघते आणि मत द्यावयाचे ते 'कसे झाले' यावर. 'राजा बरो झालो' ही मालवणीतील दाद या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. राजाची भूमिका चांगली 'केली' असे ती म्हणत नाही. राजा चांगला 'झाला' असे म्हणते. सोंग आणि होणे यांतले अंतर किती मिटले, हा निकष त्या एका क्रियापदात सामावलेला आहे. प्रमाण समीक्षा ज्याला तादात्म्य म्हणते त्याचीच ही बोलीतील संज्ञा होय.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. आख्यानाआधीच्या 'आड दशावतारा'त संकासुर येतो. कथेच्या दृष्टीने तो वेद चोरणारा दैत्य असून त्याचा वध होणे अटळ आहे. परंतु तो मालवणीत बोलतो, थट्टा करतो, आणि प्रेक्षक त्याला आपला मानतो. कथेचा निवाडा एक आणि प्रेक्षकाचा निवाडा दुसरा, असे येथे घडते आणि दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. गेल्या काही दशकांत 'ट्रिकसीनयुक्त' दशावतार लोकप्रिय झाले, तेव्हाही प्रेक्षकांत दोन तट पडले. प्रकाश, धूर आणि यांत्रिक करामती यांनी चमत्कार डोळ्यांना दिसतो, ही एक बाजू. त्यामुळे नटाच्या वाणीतून उभा राहणारा चमत्कार झाकोळतो, ही दुसरी. कळ आणि भाव यांच्यातील हा वाद जत्रेतल्या प्रेक्षकांनी आपसांत चालवलेला आहे, आणि यंत्रमानवाच्या मालिकेकडे वळताना तो विसरून चालणार नाही.

३

'यंत्रमानव' हा मराठी शब्द अचूक आहे, परंतु त्यात एक अर्थ हरवला आहे. चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९२१ मध्ये प्राग येथे रंगभूमीवर आलेल्या 'आर. यू. आर.' या नाटकाने 'रोबो' हा शब्द जगाला दिला. तो त्यांच्या भावाने, योसेफ चापेक यांनी सुचवला होता. त्याच्या मुळाशी 'रोबोता' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ सक्तीची मजुरी. मराठीत याला नेमका शब्द आहे : वेठ. कोकणच्या खोती गावांत कुळाने खोताकडे विनामोबदला राबावयाचे, ही प्रथा लोकस्मृतीतून अद्याप पुसलेली नाही. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते आणि स्वातंत्र्यानंतर कायद्याने ती पद्धत संपुष्टात आली. 'रोबो' या शब्दाचे मराठीकरण 'वेठ्या' असे झाले असते, तर विज्ञानकथेची आपली समज कदाचित वेगळी झाली असती. यंत्र आणि मानव यांचा समास करताना आपण यंत्राचे आश्चर्य घेतले आणि राबणाऱ्याची व्यथा मागे ठेवली.

मराठीच्या परंपरेत यंत्रमानवाचा दुसरा पूर्वज आहे तो कळसूत्री बाहुलीचा. कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी या कला जतन केल्या. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा या परंपरेकडे सर्वांचे लक्ष गेले. परंतु भाषेत 'कळसूत्री बाहुली' हा वाक्प्रयोग निंदेचाच आहे. ज्याला स्वतःची इच्छा नाही, ज्याचे सूत्र दुसऱ्याच्या हाती आहे, तो कळसूत्री. यंत्रमानवाच्या बाबतीत प्रेक्षकाचे कुतूहल येथेच सुरू होते. याचे सूत्र कोठे आहे? आणि ते दिसत नसेल, तर हे पात्र स्वतःहून वागते असे मानावयाचे काय?

मराठी विज्ञानकथेने या प्रश्नाला प्रामुख्याने भयाच्या अंगाने हात घातला. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत यंत्रमानवाचे नावच दशावतारातून घेतलेले आहे. तीन पावले भूमी मागणारा बटू सारे विश्व व्यापतो, त्याप्रमाणे माणसाने घडवलेले यंत्र स्वतःची प्रजा वाढवून माणसालाच पाताळात ढकलेल, ही तेथील सूचना. चापेकच्या नाटकातही राबणारे अखेरीस उठाव करतात. ज्याच्याकडून वेठ घेतली तो एक दिवस सूड घेईल, हे भय मालकाचे भय आहे. सचेत मालिकांनी मात्र दुसरी वाट धरली, आणि ती धरताना त्यांना प्रेक्षकाची साथ मिळाली.

४

ही वाट जपानमध्ये सुरू झाली असे म्हणता येईल. ओसामु तेझुका यांनी १९५२ मध्ये चित्रकथेतून निर्मिलेला आणि १ जानेवारी १९६३ पासून दूरचित्रवाणीवर आलेला 'अतोमु' हा बालरूपी यंत्रमानव. इंग्रजी जगतात तो 'अॅस्ट्रो बॉय' म्हणून ओळखला जातो. मृत मुलाच्या जागी एक शास्त्रज्ञ त्याला घडवतो आणि तो वाढत नाही म्हणून सर्कशीला विकून टाकतो. मुलगा म्हणून घडवलेला, वस्तू म्हणून विकलेला आणि पुढे सर्कशीतून सुटलेला, असा हा प्रवास आहे. ३१ डिसेंबर १९६६ च्या अखेरच्या भागात पृथ्वी वाचवण्यासाठी तो सूर्याकडे झेपावतो. वेठीतून सुटलेल्याने स्वेच्छेने केलेला हा त्याग होय.

भारतात सर्वाधिक परिचित झाला तो मात्र 'डोरेमॉन'. फुजिको एफ. फुजिओ या नावाने चित्रकथा लिहिणारे हिरोशी फुजिमोतो (१९३३-१९९६) यांची ही निर्मिती १९६९ च्या अखेरीस शालेय मासिकांतून अवतरली. १९७९ पासूनच्या सचेत मालिकेने ती सर्वतोमुखी केली आणि २००५ पासून भारतात हंगामा वाहिनीवरून ती हिंदीत दिसू लागली. बाविसाव्या शतकातील हा मांजररूपी यंत्रमानव नोबिता नावाच्या आळशी, रडक्या, अभ्यासात मागे असलेल्या मुलाकडे येतो. नोबिताच्या भावी अपयशामुळे वंशजांवर कर्जाचा बोजा पडलेला आहे. तो टळावा म्हणून त्याच्या खापरपणतूने डोरेमॉनला भूतकाळात पाठवलेले असते. प्रत्येक भागाचा साचा ठरलेला : नोबिता संकटात सापडतो, डोरेमॉन खिशातून भविष्यातले एखादे साधन काढून देतो, नोबिता त्याचा अतिरेक करतो आणि फजित होतो.

या मालिकेवर मोठ्यांनी घेतलेले आक्षेप सर्वश्रुत आहेत. मुले आळशी होतात, आयत्या उपायांची सवय लागते, मोठ्यांना उलट बोलतात, हिंदी बोलू लागतात. बांगलादेशात २०१३ साली मालिकेच्या हिंदी प्रक्षेपणावर बंदी आली, ती मुलांच्या तोंडी हिंदी रुळू लागली या चिंतेतून. पाकिस्तानातील पंजाब विधानसभेत २०१६ मध्ये तिच्यावर बंदीची मागणी करणारा ठराव आणला गेला. याउलट जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने २००८ मध्ये याच डोरेमॉनला सचेतपटांचा सांस्कृतिक दूत नेमले होते.

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव कल्पिले. पालकांचा आक्षेप उघडच पहिल्या ध्रुवाकडचा आहे आणि म्हणून तो गैर ठरत नाही; कलाकृतीचा जीवनाशी संबंध विचारणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे. हिंदीविषयीची चिंताही बांद्यासारख्या बहुभाषी गावात निराधार म्हणता येत नाही. मुलाची कल्पनासृष्टी ज्या भाषेत घडते तिला त्याच्या मनात वेगळी प्रतिष्ठा मिळते. आळसाविषयीच्या आक्षेपाचे गृहीतक मात्र तपासावयास हवे. ते असे की डोरेमॉन हा नोबिताचा नोकर आहे. फुकटचा नोकर मिळाला की मूल बिघडते, हा घरगुती शहाणपणा येथे यंत्राला लावला आहे. साधनाने प्रश्न सुटत नाही, उलट गुंता वाढतो, हे तर मालिकेचा साचाच दर भागात दाखवतो. आक्षेप घेणारा खिशातून निघणारे साधन पाहतो आणि शेवटची फजिती त्याच्या नजरेतून सुटते. थोडक्यात, पालकाने मालिका वेठीची कथा म्हणून वाचली. तिच्या नित्याच्या प्रेक्षकाने ती तशी वाचली काय, हे पाहिले पाहिजे.

५

याचा पुरावा तीन प्रसंगांतून मिळतो. हे तिन्ही प्रसंग दूरदेशीचे आहेत. कारण प्रेक्षकमताची नोंद तेथे राहिली. आपल्याकडे ती का राहिली नाही, याचा विचार पुढे येईल.

पहिला प्रसंग 'ट्रान्सफॉर्मर्स' या अमेरिकी मालिकेचा. जपानच्या ताकारा कंपनीची रूप पालटणारी खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने घेतली आणि त्यांच्या विक्रीसाठी १९८४ मध्ये ही मालिका उभी केली. १९८६ च्या चित्रपटात यंत्रमानवांचा नायक ऑप्टिमस प्राइम याला मारण्यात आले. कारण साधे होते : जुनी खेळणी हटवून नवी बाजारात आणावयाची होती. परंतु चित्रपटगृहातली मुले रडू लागली, मुलांची आणि पालकांची निषेधाची पत्रे आली, आणि १९८७ मध्ये मालिकेत नायकाला परत आणणे निर्मात्यांना भाग पडले. त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका सचेतपटातील नायकाचा ठरलेला मृत्यूही या धसक्याने बेशुद्धीवर निभावला. निर्मात्याच्या लेखी जी मालाची अदलाबदल होती, तिला प्रेक्षकाने मृत्यू मानून शोक केला. येथे मतभेद कथानकाच्या दर्जाविषयी नव्हता. तो ऑप्टिमस ही वस्तू आहे की व्यक्ती, याविषयी होता. संकासुराप्रमाणे येथेही कथेचा निवाडा एक आणि प्रेक्षकाचा दुसरा.

दुसरा प्रसंग डोरेमॉनवरील २०१४ च्या त्रिमिती चित्रपटाचा. नोबिताला सुखी केल्याशिवाय परतता येणार नाही, परतण्याची भाषा केली तर विजेचा झटका बसेल, आणि काम पूर्ण होताच ठराविक मुदतीत निघावे लागेल, अशी योजना त्यात डोरेमॉनच्या यंत्रणेतच बसवलेली दाखवली आहे. मूळ चित्रकथेत अशी सक्ती नव्हती. चित्रपट अतिशय लोकप्रिय झाला, तरी नेमक्या या तरतुदीवर जपानमधील अनेक जुन्या प्रेक्षकांनी नाराजी व्यक्त केली. पटकथेच्या तंत्राने पाहिल्यास ही नाराजी अनाकलनीय वाटेल; कारण सक्तीमुळे कथेला ताण येतो आणि निरोपाचा प्रसंग अधिक हृदयद्रावक होतो. परंतु प्रेक्षकाचा आक्षेप तंत्राशी नव्हताच. इतकी वर्षे ज्याचे सूत्र दिसत नव्हते, त्याचे सूत्र चित्रपटाने दाखवले. स्नेहाच्या जागी आज्ञा आली आणि मित्राची कळसूत्री बाहुली झाली, हे त्याला सलले. विजेच्या झटक्याच्या धाकाने घडणारी मदत ही वेठ होय, हे त्याने अचूक ओळखले.

तिसरा प्रसंग सर्वांत बोलका आहे. १९७४ मध्ये मूळ लेखकाने डोरेमॉनच्या निरोपाची कथा लिहिली आणि पुढच्याच महिन्यात त्याला परत आणले. लेखकाच्या मृत्यूनंतर मालिकेला अधिकृत शेवट उरला नाही. ती पोकळी प्रेक्षकांनी भरली. एका वदंतेनुसार नोबिता हा बेशुद्धावस्थेतील रुग्ण असून सारी कथा त्याचे स्वप्न आहे. दुसरा कल्पित शेवट असा : डोरेमॉनची विद्युतघटी संपते. ती बदलली तर त्याची स्मृती पुसली जाणार. कारण स्मृती राखणारी सोय कानांत होती आणि कान तर उंदरांनी कधीच कुरतडलेले. तेव्हा तो ढब्बू मुलगा अभ्यासाला लागतो, वर्षानुवर्षे राबतो, यंत्रमानवशास्त्रातील अग्रणी होतो आणि अखेर आपल्या मित्राला जागे करतो. २००५ मध्ये एका चाहत्याने या शेवटाची चित्रपुस्तिका काढली आणि ती हातोहात गेली. प्रकाशकाने स्वामित्वहक्काचा प्रश्न उपस्थित केल्यावर २००७ मध्ये त्याला माफी मागावी लागली. तरीही तो शेवट जगभर फिरत राहिला आणि अनेकांना आज तोच खरा वाटतो.

या दोन शेवटांची तुलना करण्याजोगी आहे. स्वप्नाचा शेवट मैत्र खोटे ठरवतो. घटीचा शेवट ते सिद्ध करतो. दुसऱ्या शेवटात वेठीचा संबंध पूर्णपणे उलटला आहे. यंत्र माणसासाठी राबत होते; आता माणूस यंत्रासाठी आयुष्य वेचतो, आणि कोणी भाग पाडले म्हणून नव्हे. पालकांच्या आक्षेपाला याहून समर्पक उत्तर शोधूनही सापडणार नाही. आयते मिळण्याने नोबिता बिघडला नाही. जे मिळाले त्याचे ऋण ओळखण्याइतका तो मोठा झाला, असे हा शेवट सांगतो. हे उत्तर निबंधातून आलेले नाही, ते आख्यानातून आले आहे. मत व्यक्त करण्याची ही रीत दशावतार पाहणाऱ्या समाजाला परकी वाटण्याचे कारण नाही; मूळ कथेतील प्रसंगाला नवे अंग जोडूनच तेथे अर्थ लावला जातो. समीक्षेने आपले विधान करताना वापरावयाचे साधन तर्कच असले पाहिजे असा दंडक घातला, तर प्रेक्षकाच्या समीक्षेचा मोठा भाग तिच्या दृष्टिआड राहील.

६

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा की प्रेक्षकाला वाटणारे हे मैत्र बाजारानेच घडवलेले आहे. ऑप्टिमस खेळणे म्हणूनच जन्मला. डोरेमॉनचे चित्र दप्तरापासून डब्यापर्यंत सर्वत्र विकले जाते. ज्या जिव्हाळ्यातून मुलाने कंपनीविरुद्ध शोक केला, त्याच जिव्हाळ्यावर कंपनीचा व्यापार चालतो. नायकाचे पुनरागमन हा प्रेक्षकाचा विजय होता की ग्राहक टिकवण्याची युक्ती? दोन्ही होते असेच म्हणावे लागेल. परंतु भावना बाजाराने जागवली म्हणून तिच्यातील निवाडा बाजाराचा ठरत नाही. बाजाराचा निवाडा 'बदला' असा होता. प्रेक्षकाचा 'गमावला' असा होता. या दोन क्रियापदांतील अंतर पुसून टाकले, तर समीक्षा विक्रेत्याचीच भाषा बोलू लागेल.

दुसरा आक्षेप असा की सर्वच मते या कोटीची नसतात. बहुसंख्य मते 'आवडले', 'कंटाळवाणे झाले', 'पूर्वीचा आवाज बरा होता' एवढ्यावर थांबतात. हे खरे आहे, आणि मत व समीक्षा यांत भेद नाही असे येथे सुचवावयाचे नाही. मताला समीक्षेचे मूल्य येते ते त्याने आपला आधार दाखवला म्हणजे. तथापि साध्या दिसणाऱ्या मतातही असा आधार दडलेला असू शकतो. जपानमध्ये २००५ साली, सव्वीस वर्षे डोरेमॉनला आवाज देणाऱ्या नोबुयो ओयामा निवृत्त झाल्या आणि नवा आवाज आला, तेव्हा 'हा तो नव्हे' अशी तक्रार झाली. यंत्राचा सुटा भाग बदलता येतो; व्यक्तीचा आवाज बदलता येत नाही. तक्रार करणाऱ्याने हा सिद्धान्त मांडला नसेल, पण त्याची तक्रार त्यावरच उभी आहे. दडलेला आधार वर काढणे हे समीक्षकाचे काम होय. 'राजा बरो झालो' यातील 'झालो' ज्याला ऐकू येतो, त्याला ते अवघड नसावे.

या दोन्ही आक्षेपांपेक्षा अधिक अडचणीचा प्रश्न भाषेचा आहे. जत्रेतला प्रेक्षक आपले मत नटाच्या भाषेत, त्याच रात्री, त्याच्या कानावर घालू शकतो. पुढच्या गावच्या प्रयोगात त्याचा पडसाद उमटू शकतो. अमेरिकेतील मुलाने निर्मात्याला पत्र लिहिले आणि कथा बदलली. बांद्याच्या मुलाला यांपैकी एकही वाट मोकळी नाही. मालिका जपानी, आवाज हिंदी, घर मालवणी आणि शाळेची वही प्रमाण मराठी. त्याच्या मनातील निवाडा ज्या बोलीत आकार घेतो ती बोली मालिकेच्या निर्मात्याला कळत नाही, आणि ज्या भाषेत त्याला निबंध लिहावयास शिकवले जाते त्या भाषेत कार्टून हा वाईट सवयींच्या निबंधाचा विषय असतो. त्यामुळे त्याचे मत उमटते आणि विरते. मोठ्यांचा आक्षेप मात्र छापला जातो, ठरावात येतो, बंदीपर्यंत पोहोचतो. मालिकेविषयीच्या सार्वजनिक चर्चेत तिच्या खऱ्या प्रेक्षकाचा आवाज नाही, तो यामुळे.

७

या विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. यंत्रमानवाच्या मालिकेविषयीचे प्रेक्षकमत हे मुख्यतः संबंधविषयक मत असते. पात्र वस्तू म्हणून वागवले गेले की प्रेक्षक निषेध करतो, स्नेहामागे सक्तीचे सूत्र दाखवले की नाराज होतो, आणि कथेने सोडलेली जागा ऋणमुक्तीच्या आख्यानाने भरतो. पालकाची तक्रार आणि मुलाचा जिव्हाळा यांतील भेद अभिरुचीच्या पातळीचा नाही. एकाने यंत्रात नोकर पाहिला आणि दुसऱ्याने सोबती. 'रोबो' या शब्दाच्या पोटात असलेली वेठ ज्या मालिकांनी विसरावयास लावली असे आपण समजतो, त्यांच्याच प्रेक्षकांनी ती ओळखून नाकारली आहे.

मराठी समीक्षेपुढे याचा अर्थ दुहेरी आहे. एक तर आपल्या प्रेक्षकविचारात बालप्रेक्षकाला, विशेषतः बोलीभाषक बालप्रेक्षकाला, जागा करावी लागेल. हास्य आणि वेशभूषा यांत रमणारा म्हणून त्याची बोळवण करण्याची परंपरा जुनी असली तरी ती पुराव्यावर टिकत नाही. दुसरे असे की लोकनाट्याच्या अभ्यासात दाद, टोमणे आणि प्रेक्षकांतील तट यांची नोंद घेण्याची जी पद्धत रुजू पाहत आहे, ती सचेतपटाच्या प्रेक्षकालाही लावता येईल. मराठी विभागांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी मुलांची ही बोलणी त्यांच्याच बोलीत, दुरुस्त न करता टिपून घेतली, तर ग्रहणाच्या इतिहासाची मोलाची साधने जमा होतील.

हे काम आज अधिक निकडीचे झाले आहे. बोलणारी, सल्ला देणारी आणि गृहपाठ करून देणारी यंत्रे आता पडद्यावरून खाली उतरून घरात आली आहेत. त्यांच्याशी आपला व्यवहार वेठीचा राहणार की आणखी कशाचा, याविषयी तत्त्वज्ञ आणि तंत्रज्ञ लिहीत आहेत. या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ सराव मात्र कार्टून पाहणाऱ्या मुलांनी केलेला आहे. त्यांच्या मतांत भाबडेपणा असेल, बाजाराचा शिक्का असेल. तरी राबणाऱ्याकडे वस्तू म्हणून पाहू नये एवढी समज त्यांत निश्चित आहे. वेठीचा अनुभव ज्या भूमीच्या स्मृतीत आहे, तेथील समीक्षेने तरी ती समज ऐकून घेतली पाहिजे.